भिंगबाईंचे एक ते पाच

नळांच्या कारखान्यात भिंगबाईंना भिंगबाई का म्हणतात, हे नव्या माणसाला समजावून सांगावं लागतं. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग लोंबकळत असतं खरं, पण ते डोळ्याला लावताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. नळ हातात घेतला, ट्यूबलाइटखाली एकदा फिरवला, की प्लेटिंगमधला सुईच्या टोकाएवढा खड्डाही त्यांना दिसतो. भिंग असतं ते समोरच्यासाठी. पॉलिशवाला येऊन "कुठंय ओ खड्डा?" म्हणत हुज्जत घालायला लागला, की त्या काही न बोलता दोरी गळ्यातून काढतात आणि भिंग त्याच्या हातात देतात. मग तो नळ परत घेऊन जातो.

तपासणी विभागात त्या एकोणीस वर्षं उभ्या होत्या. उभ्या म्हणजे खरोखरच उभ्या. टेबलं छातीपर्यंत उंच, वर दिवे, आणि तपासणारीनं बसायचं नाही, कारण बसलं की नळाची खालची बाजू नीट दिसत नाही असं कोणीतरी कधीतरी ठरवून ठेवलं होतं. ज्यानं ठरवलं तो अर्थातच बसून ठरवत असणार. एक उंच स्टूल मिळावं म्हणून भिंगबाईंनी आठ वर्षं अर्ज केले. स्टूल आलं नाही, भिंतीवर 'योग्य पवित्रा, निरोगी जीवन' असं एक चित्र मात्र आलं. शेवटी गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, "आणखी दोन वर्षं असं उभं राहिलात, तर जिना विसरायचा." भिंगबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

विभागात खुर्ची एकच होती, हेडची. हेड म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, सहा महिन्यांत निवृत्त होणार होते. त्यांच्या मागे तिथे कोण बसणार, याची कोणी चर्चासुद्धा करत नव्हतं. विभागातल्या बाकीच्या आठही जणींना भिंगबाईंनीच हाताला धरून शिकवलेलं. म्हातारे हेड तर दोनतीनदा खुर्चीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "हिचं एक चाक कुरकुरतं, बाई. तेवढं तेल घालून घ्या म्हणजे झालं." भिंगबाई वरवर "बघू हो" म्हणायच्या. पण एका शनिवारी सगळे गेल्यावर त्या हेडच्या खुर्चीत पाच मिनिटं बसून आल्या होत्या आणि घरी जाताना जिना त्यांना कमी वाटला होता.

आता इथे त्या विभागातलं पिवळं कार्ड समजून घ्यायला हवं, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडलं. प्रत्येक नळामागे एक पिवळं कार्ड असतं. कार्डावर ओळी असतात: प्लेटिंग, आटे, मूठ, गळती. प्रत्येक ओळीपुढे एक ते पाच आकडे, त्यातल्या एकाला गोल करायचा. एक म्हणजे निर्दोष. दोन म्हणजे चालेल. तीन म्हणजे शंका, दुसऱ्या कोणाला दाखवा. चार म्हणजे परत प्लेटिंगला. पाच म्हणजे भंगार. हे कार्डावर कुठेही लिहिलेलं नाही. लिहायची कधी गरजच पडली नाही. या नऊ जणी दिवसाला शेकड्यांनी कार्डं भरत आणि त्यांचा हात डोक्याला न विचारता चालायचा.

त्यातही भिंगबाईंचा तिनावर राग होता. नवीन आलेली एखादी तीनवर तीन द्यायला लागली, की त्या तिच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहत.

"काय गं, शंका आहे?"

"हो, थोडी."

"मग बघ की पुन्हा. डोळे कशाला दिलेत? तीन म्हणजे आपलं काम दुसरीच्या गळ्यात घालणं. एक तरी दे नाहीतर पाच तरी दे, पण बघून दे."

पूर्वी हेड नेमायचा म्हणजे जुन्या हेडनं नाव सुचवायचं आणि मॅनेजरनं सही करायची, एवढंच असायचं. यंदा मात्र कंपनीला कर्मचाऱ्यांचा विकास करायची उबळ आली. एचआरचे साहेब, तिशीतला हसतमुख माणूस, एके दिवशी विभागात आले आणि म्हणाले की आता निवड शास्त्रीय पद्धतीनं होणार. बाहेरच्या एका संस्थेची मानसशास्त्रीय चाचणी आहे. ती तपासणीतल्या सगळ्यांनी द्यायची, आणि डिस्पॅचच्या कारकुनानंही अर्ज केलाय, तोही देईल. म्हाताऱ्या हेडनी विचारलं, "मग माझ्या मताचं काय?" साहेब अगदी प्रेमानं म्हणाले, "तुमचं मत आम्ही जोडूच ना, सर. पण मत वेगळं आणि मोजमाप वेगळं."

चाचणी कँटीनमध्ये झाली. साडेअकराला सुरू व्हायची ती बाराला वीस मिनिटं कमी असताना सुरू झाली, आणि एकला जेवणाची पाळी येणार म्हणून कँटीनवाला दारात हात बांधून उभा. सूचनांची चार पानं होती. साहेबांनी ती उचलली, घड्याळाकडे पाहिलं आणि खाली ठेवली. डिस्पॅचच्या कारकुनानं हात वर करून एक प्रत मागून घेतली, कारण तो कागद वाचल्याशिवाय पावतीसुद्धा घेणारा नव्हता. बाकीच्यांना साहेब म्हणाले, "एकशे साठ वाक्यं आहेत. प्रत्येकापुढे एक ते पाच. एक ते पाच तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर रोजच भरता. करा सुरुवात."

नऊ जणींनी सुरुवात केली. वाक्य म्हणजे माल. खरं असेल तर एक, साफ खोटं असेल तर पाच. 'मला सहकाऱ्यांना मदत करायला आवडते.' भिंगबाईंनी एकला गोल केला. 'मला चटकन राग येतो.' त्यांनी क्षणभर विचार केला आणि चार दिला, कारण त्या प्रामाणिक होत्या. 'लोक माझ्याविरुद्ध कट करतात असे मला वाटते.' भंगार. 'जबाबदारी घ्यायला मी पुढे असते.' एक. एकशे साठ वाक्यांत त्यांनी एकदाही तीन दिला नाही. सगळ्यात आधी कागद देऊन त्या बाहेर आल्या आणि मागून आलेल्या मैत्रिणीला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तीन किती दिलेस गं?"

अहवाल पाच आठवड्यांनी बंद पाकिटात आला. तो त्यांनी घरी नेऊन मुलीला वाचायला दिला, कारण भाषा जड होती. मुलगी कॉलेजात होती. ती मोठ्यानं वाचायला लागली आणि हळूहळू तिचा आवाज बारीक झाला. उत्तरदात्री सहकाऱ्यांच्या अडचणींबाबत उदासीन. राग अनावर. इतरांच्या हेतूंविषयी तीव्र संशय. जबाबदारी टाळण्याकडे कल. उत्तरे टोकाची, मध्यम भूमिका जवळजवळ नाही. उत्तरांमधील सुसंगती अत्युत्तम, त्यामुळे निष्कर्ष पूर्णतः विश्वासार्ह. शिफारस: नेतृत्वाच्या पदासाठी विचार करू नये, विकास कार्यक्रमात समाविष्ट करावे.

"आई, हे तुझं नाहीये," मुलगी म्हणाली. "पाकीट बदललं असेल."

पाकिटावर कर्मचारी क्रमांक होता, आणि तो भिंगबाईंचाच होता. रात्रीच्या जेवणाला बसताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, मी तापट आहे का?"

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. तो घाईनं काही बोलणारा माणूस नव्हता. "आत्ता सांगू की जेवल्यावर?" तो म्हणाला.

एरवी त्या हसल्या असत्या. पण त्या ताटावरून उठल्या आणि आत जाऊन बसल्या. नवरा मागोमाग गेला, म्हणाला, "अगं, गंमत केली मी." पण गंमत कळण्याच्या पलीकडे त्या गेल्या होत्या. एकशे साठ प्रश्न विचारून शहाण्यासुरत्या माणसांनी हे काढलं होतं. आपलं आपल्याला कुठे दिसतं, असं त्यांच्या मनानं घेतलं. आठही जणींना आपण शिकवलं, की नुसतं ओरडलो? स्टूलसाठी अर्ज केले, की भांडण उकरून काढलं? दुसऱ्याचा खड्डा शोधण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आता स्वतःला दिव्याखाली फिरवायला लागल्या. आणि याची मला सगळ्यात जास्त चीड येते, की त्यांना खड्डे सापडलेसुद्धा. शोधलं की कोणालाही सापडतात.

कामावर त्या बदलल्या. पॉलिशवाल्यानं हुज्जत घातली तर "असेल बाबा, चालेल" म्हणू लागल्या. भिंग दोरीवरच राहिलं. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांच्या टेबलावरून असे नळ दोन म्हणून गेले, जे एरवी चार म्हणून परत फिरले असते. हेड कोण झालं ते सूचनाफलकावर लागलं होतं: डिस्पॅचचा कारकून. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी तो भिंगबाईंच्या टेबलाशी आला आणि खजील होऊन म्हणाला, "बाई, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं." भिंगबाई म्हणाल्या, "मी नको, साहेब. माझं डोकं फिरतं, अहवालातच आहे." म्हातारे हेड जाताना खुर्चीवर थाप न मारताच गेले.

विकास कार्यक्रम दर बुधवारी दुपारी. पहिल्या बुधवारी भिंगबाई वर मीटिंगच्या खोलीत गेल्या आणि दारातच थबकल्या. आत तपासणी विभागातल्या उरलेल्या आठही जणी बसल्या होत्या. नऊच्या नऊ जणी तापट, संशयी आणि कामचुकार निघाल्या होत्या. यावर कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण प्रकाशाऐवजी पडद्यावर चित्रं पडली. संस्थेच्या मानसतज्ज्ञ बाईंनी यावर एक अख्खा सिद्धांतच उभा केला होता. सतत दोष शोधण्याचं काम केलं की माणूस स्वभावानंच नकारात्मक होतो, असं त्यांचं म्हणणं. आलेख होते, बाण होते. हे सादरीकरण त्यांनी मुख्य कार्यालयात केलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या, असं एचआरच्या साहेबांनी आधीच अभिमानानं सांगून ठेवलं होतं.

"आज आपण स्वतःकडे प्रामाणिकपणे बघू या," असं म्हणत मानसतज्ज्ञ बाईंनी जिची तिला मूळ उत्तरपत्रिका परत वाटली. "एखादं वाक्य निवडा, ज्याचं उत्तर तुम्हाला बदलावंसं वाटतं."

भिंगबाईंनी कागद हातात घेतला. सवयीनं तो खिडकीच्या उजेडात धरला. त्यांचं बोट एकेका वाक्यावरून खाली सरकत गेलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"यात बदलण्यासारखं काय आहे, बाई?" त्या म्हणाल्या. "मदत करायला आवडते, एक दिलाय. जबाबदारी घेते, एक. कट वगैरे, पाच."

"तेच ना," मानसतज्ज्ञ बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "मदतीला तुम्ही एक दिलात. सगळ्यात कमी."

"कमी कसा? एक म्हणजे निर्दोष."

"एक म्हणजे 'अजिबात नाही', ताई. पाच म्हणजे 'पूर्णपणे'."

मग कोपऱ्यातली एक खुदकन हसली, दुसरी हसली, आणि बघता बघता आठही जणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे मी सासूचा कधी विचारच करत नाही असं निघालं की काय," एक म्हणाली, "आणि इथे तर मला दुसरा विचारच नसतो." भिंगबाई हसल्या नाहीत. त्यांना आधी एकदम हलकं वाटलं. आपण तशा नव्हतो. तीन आठवडे आपण उगाच स्वतःला सोलत होतो. आणि मग राग आला, अहवालातला नव्हे, खरा.

त्या तडक एचआरच्या टेबलाशी गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस ऐकण्यात पटाईत होता.

"पण तुम्ही त्या दिवशी विचारलं का नाही, बाई?"

"तुम्हीच म्हणालात, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही रोजच भरता."

साहेबांचं हसू जरा मावळलं. "तसं मी सहज बोललो असेन. पण बघा, अहवाल वर गेलाय, नेमणूक झालीये, सादरीकरण झालंय."

"मग खाली आणा."

"ते इतकं सोपं नसतं."

"आकडे उलटे करा. एकाचा पाच, पाचाचा एक. माझी मुलगी अर्ध्या तासात करून देईल."

"उत्तरपत्रिकेला आम्ही हात लावू शकत नाही. ते नैतिक नाही," साहेब म्हणाले, आणि वाईट म्हणजे ते मनापासून म्हणाले.

मानसतज्ज्ञ बाईंनी कानावर हात ठेवले. सूचना वाचून दाखवणं हे कंपनीचं काम. शिवाय तिघीचौघींच्या बाबतीत असा गैरसमज समजू शकतो, पण सगळ्या नऊ जणींचा एकसारखा गैरसमज हे संख्याशास्त्राच्या दृष्टीनं संभवत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. नऊ जणी एकाच विभागात एकच कार्ड वर्षानुवर्षं भरतात, हे संख्याशास्त्राला कोण सांगणार? बाकीच्या आठ जणींनी विषय सोडून दिला. त्यांना खुर्ची नको होती, आणि बुधवारी दुपारी दोन तास बसायला मिळत होतं. भिंगबाईंनी सोडला नाही. दर सोमवारी त्या अर्ज घेऊन वर जायच्या, जिना चढून, कठडा धरून. सातव्या अर्जाला उत्तर आलं: खास बाब म्हणून फेरचाचणी. निकाल चांगला आला, तर दुसऱ्या पाळीसाठी हेडची आणखी एक जागा निघणार होती, तिचा विचार होईल.

या वेळी त्यांनी चारही पानं सूचना वाचल्या, दोनदा वाचल्या. वाक्यं तीच होती. त्यांनी एक छोटा कागद शेजारी ठेवला, त्यावर लिहिलं 'पाच = खरं', आणि प्रत्येक वाक्याला हात आवरून, सवयीशी झटापट करत उत्तर दिलं. मदत करायला आवडते, पाच. कट करतात, एक. राग येतो, दोन, कारण त्या अजूनही प्रामाणिक होत्या. घाम फुटला होता. घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "कशी गेली?" त्या म्हणाल्या, "या वेळी त्यांच्या मापानं मोजलंय. आता तरी बसेल."

दुसरा अहवाल एका पानाचाच होता. दोन चाचण्यांमधील तफावत असामान्य. एकशे साठपैकी बहुतेक सर्व उत्तरे पहिल्या उत्तरांच्या नेमकी विरुद्ध. उत्तरदात्री पदाच्या अपेक्षेने स्वतःची अनुकूल प्रतिमा उभी करत असल्याची दाट शक्यता. दुसरी चाचणी अविश्वसनीय, पहिली ग्राह्य. विकास कार्यक्रम पुढे चालू ठेवावा.

हे त्यांनी मुलीकडून वाचून घेतलं नाही. जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पायरीवर बसून स्वतःच वाचलं. पूर्वी त्या तिथे थांबत नसत. शेजारची एक बाई खाली उतरताना म्हणाली, "काय हो, दमलात?" भिंगबाई म्हणाल्या, "हो. दमले."

त्यानंतर त्या वर गेल्या नाहीत. महिनाअखेरीला नवे हेड, म्हणजे पूर्वीचे डिस्पॅचचे कारकून, एक छापील फॉर्म घेऊन त्यांच्या टेबलाशी आले. विकास कार्यक्रमातल्या कर्मचाऱ्याची प्रगती दर महिन्याला हेडनं भरून द्यायची होती. सहकार्य, संयम, विश्वास, जबाबदारी, अशा एकूण बारा ओळी. प्रत्येक ओळीपुढे एक ते पाच आकडे. एक कुठला आणि पाच कुठला, ते फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं.

"बाई, मला लाज वाटते हे तुमच्याबद्दल भरायची," हेड म्हणाले. "तुम्हीच भरा. मी सही करतो. सगळीकडे सगळ्यात चांगला आकडा टाका." आणि थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कुठला टाकायचा हो? एचआरला फोन करून विचारू?"

"नको," भिंगबाई म्हणाल्या.

त्यांनी फॉर्म दिव्याखाली सरळ केला. पेन घेतलं. शेजारच्या टेबलावरची, जिला त्यांनी कधीकाळी तिनावरून झापलं होतं, ती मान वळवून बघत होती. भिंगबाईंनी पहिल्या ओळीत तिनाला गोल केला. दुसऱ्या ओळीत तिनाला. तिसऱ्या, चौथ्या, बाराव्या ओळीपर्यंत, ओळ न वाचता, नुसता तीन. दोन्हीकडून मोजला तरी तो तिथेच राहतो.

पुढच्या बुधवारी एचआरचे साहेब स्वतः खाली आले आणि त्यांनी भिंगबाईंचं अभिनंदन केलं. हेडच्या फॉर्ममधले आकडे आता टोकाचे राहिले नाहीत, समतोल दिसायला लागलाय, असं मानसतज्ज्ञ बाईंनी कळवलं होतं. भिंगबाईंनी मान डोलावली, गुडघ्यावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि पुढचा नळ उचलला.